झोक्याचा दोर का तुटला?

 

दर आठवड्याला मी तुम्हाला 'हे करून पाहा, ते करून पाहा' असं सांगत असते. आज मात्र सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करणार आहे. बाई असले म्हणून काय झालं, चुका माझ्याही होतात!

आमचं चुडावा हे गाव परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात. पूर्णा आणि नांदेड यांच्या मधलं हे रेल्वेस्टेशन. श्रावण लागला की इथल्या पोरींना झोक्याचे वेध लागतात. नागपंचमी जवळ आली की लिंबाच्या, चिंचेच्या झाडांना झोके बांधले जातात आणि लहानथोर सगळ्या जणी उंच उंच झोके घेतात.

गेल्या पंचमीला शाळेजवळच्या लिंबाला आम्हीही झोका बांधायचं ठरवलं. एका पालकांनी दोर आणून दिला. प्लॅस्टिकचा, निळा, अंगठ्याएवढा जाड. "नवाच हाय बाई, दिवाळीलाच आणलाय," ते म्हणाले. उन्हाळाभर तो गोठ्याच्या पत्र्यावर पडून होता, पण त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

मी काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. म्हटलं, आधी दोराची परीक्षा घेऊ. दोन मोठी माणसं बोलावली आणि एकदम लोंबकळायला सांगितलं. दोघं लोंबकळले, वर दोन गचकेही दिले. दोर ढिम्म! मी म्हटलं, पास झाला. घ्या रे झोके!

दोन दिवस झोका सुखात चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिसरीतली एक चिमुरडी झोक्यावर होती. झोका वर गेला, खाली आला आणि फांदीजवळ फट्‌ असा आवाज झाला. दोर तुटला. पोर पडली, डावा हात मोडला. दीड महिना हात गळ्यात बांधून ती शाळेत येत होती. तिची आई मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

गावात जो तो म्हणे, "नशीब! नाहीतर नवा दोर असा तुटतो का?" पण चौथीतल्या एका मुलानं मला खरा प्रश्न विचारला. "बाई, दोन बाप्ये लोंबकळले तवा नाही तुटला. मग एवढुशा लेकरानं कसा काय तुटला?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. म्हणून मग मी पुस्तकं धुंडाळली, जाणत्यांना विचारलं, वर्गात प्रयोग केले. त्याचं उत्तर म्हणजे आजचं हे पान.

एकदा आणि हजारदा

आधी जरा गणित करू या. त्या पोरीचं वजन वीस-बावीस किलो. उंच गेलेला झोका खालून जातो तेव्हा दोरावरची ओढ वजनाच्या दीडपट-दुपटीपर्यंत जाते. दुप्पट धरली तरी चव्वेचाळीस किलोच. दोन मोठ्या माणसांच्या वजनाच्या ती निम्मीही नाही. म्हणजे 'वजन जास्त झालं' हे उत्तर बाद.

आता दुसरं गणित. आमच्या झोक्याला जाऊन यायला साधारण ४ सेकंद लागत. म्हणजे तासाला ९०० हेलकावे. दिवसाचे ६ तास धरले तर ५,४००. तीन दिवसांचे १६,२००. प्रत्येक हेलकाव्यात झोका दोनदा तळातून जातो, म्हणजे दोर दोनदा ताणला जातो. झाले ३२,४०० ताण!

मी दोराची परीक्षा घेतली ती एका मोठ्या ताणाची. दोराला मात्र सोसायचे होते हजारो लहान ताण. पेपर एका विषयाचा घेतला आणि पास केलं दुसऱ्याच विषयात! माझी चूक झाली ती इथं.

सायकलच्या चाकाची जुनी तार घ्या. ती ओढून तुटणार नाही, पण एकाच जागी खालीवर वाकवत राहिलं की थोड्या वेळानं तुटते. शास्त्रज्ञ याला पदार्थाचा थकवा म्हणतात. हा थकवा माणसासारखा नसतो बरं का. आपण रात्री झोपलो की सकाळी ताजेतवाने होतो. दोराला किंवा तारेला झालेली इजा झोपून भरून येत नाही. ती साठत जाते.

हा धडा माणसाला रेल्वेनं शिकवला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. गाडी घसरली, आग लागली आणि पन्नासाहून जास्त माणसं दगावली. आस काही कमी जाडीचा नव्हता, पण फिरून फिरून तो आतून थकला होता. पुढं ऑगस्ट व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरनं आस हजारो-लाखो वेळा वाकवून पाहिले. एका फटक्यात तोडायला जेवढा जोर लागतो त्याहून कितीतरी कमी जोर पुन्हा पुन्हा लावला तरी लोखंड तुटतं, हे त्यानं १८६० च्या दशकापर्यंत पक्कं करून दाखवलं.

पण आपला दोर लोखंडाचा नव्हता, प्लॅस्टिकचा होता. प्लॅस्टिक, नायलॉन, रबर या सगळ्यांना पॉलिमर म्हणतात. ते कसे थकतात हे समजायचं तर त्यांच्या आत डोकवायला हवं.

आत असतं तरी काय?

तुम्ही साखळीचा खेळ खेळता ना? एकानं दुसऱ्याचा हात धरायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. पॉलिमर असाच असतो. लहान लहान रेणू हात धरून उभे राहतात आणि लांबच लांब साखळी तयार होते. एकेका साखळीत हजारो रेणू! आधी पुष्कळ शास्त्रज्ञांचा यावर विश्वास बसत नव्हता. हेरमान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९२० साली ही कल्पना ठामपणे मांडली. लोकांनी नाकं मुरडली. शेवटी तेच खरं ठरलं आणि १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या पुण्यातही पॉलिमरवर मोठं संशोधन झालं आहे. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हे काम चालतं. मराठी शाळेत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे पॉलिमरचेच अभ्यासक. १९८९ साली ते या प्रयोगशाळेचे संचालक झाले.

आता एक सोपा प्रयोग. दोन वाट्यांत शिजवलेल्या शेवया घ्या. एका वाटीतल्या लांबच्या लांब, दुसरीतल्या बोटाच्या पेराएवढ्या तुकडे केलेल्या. दोन्ही वाट्यांतून चिमटीनं एकेक शेवई वर उचला. लांब शेवईबरोबर अख्खा गुंता वर येतो. तुकड्यांच्या वाटीतून एकच तुकडा निसटून येतो. कारण लांब शेवया एकमेकींत अडकलेल्या असतात.

पॉलिमरच्या साखळ्यांचंही असंच आहे. साखळी लांब असेल तर गुंता पक्का. ताण आला तरी साखळ्या एकमेकींना सोडत नाहीत. साखळी आखूड असेल तर त्या हळूहळू घसरून सुटतात, एका ताणाला थोड्या, दुसऱ्या ताणाला आणखी थोड्या.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. साखळी जितकी लांब, तितका पॉलिमर उशिरा थकतो.

एक झाकण आणि एक डबी

आता वर्गात केलेला प्रयोग सांगते. शाम्पूच्या किंवा केसांच्या तेलाच्या बाटलीचं टिचकीनं उघडणारं झाकण आणा. त्याला वेगळी बिजागरी नसते. झाकण आणि बूड यांना जोडणारी प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी, तीच बिजागरी. दुसरी वस्तू म्हणजे काचेसारखी पारदर्शक, टिचकी मारली की टणटण वाजणारी प्लॅस्टिकची डबी. काही वस्तूंच्या बुडाशी एक त्रिकोण असतो आणि त्यात आकडा असतो. तो पाहा. ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, ६ असेल तर पॉलिस्टायरीन. आपल्याला झाकण ५ आकड्याचं आणि डबी ६ आकड्याची हवी.

आमच्या वर्गानं पाळीपाळीनं झाकणाची उघडझाप केली. फळ्यावर शंभराला एक रेघ. दहा रेघा झाल्या, म्हणजे १,००० वेळा उघडझाप झाली, आणि पट्टी जशीच्या तशी. फक्त जरा पांढुरकी दिसत होती. मग डबीच्या झाकणाची एक पट्टी घेऊन मी ती जाड फडक्याखाली वाकवली. पहिल्याच खेपेला काड्‌ आवाज! (ही पट्टी वाकवायचं काम मोठ्यांनीच करायचं आणि फडक्याखालीच. तुकडा डोळ्यात उडाला तर भलतंच होईल.)

"बाई, दोन्ही प्लॅस्टिकच की ओ! मग असं काहून?"

दोघांच्या आतली मांडणी वेगळी म्हणून. पॉलिस्टायरीनच्या साखळीला जागोजागी जाडजूड कड्या लटकलेल्या असतात, कुठं या बाजूला, कुठं त्या बाजूला. त्यामुळे साखळ्यांना नीट रांगेत बसताच येत नाही. सगळा गोंधळ जिथल्या तिथं गोठलेला असतो. वाकवलं की त्यात बारीक बारीक भेगा पडू लागतात. या भेगांच्या दोन काठांना जोडणारे अतिशय बारीक धाग्यांचे पूल असतात. हे धागे साखळ्यांचेच. ताण पुन्हा पुन्हा आला की एकेक पूल तुटतो, भेग पुढं सरकते आणि शेवटी वस्तू मोडते. साखळ्या लांब असतील तर हे पूल जास्त टिकतात. म्हणजे शेवयांचाच नियम इथंही!

पॉलिप्रॉपिलीनचं तसं नाही. त्याच्या साखळीला लटकलेले लहान गट सगळे एकाच बाजूला, शिस्तीत असतात. अशी शिस्तीची साखळी इटलीच्या जुलिओ नाट्टा यांनी १९५४ साली बनवली आणि १९६३ साली जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. शिस्तीमुळे या साखळ्यांच्या नीट घड्या पडतात. जणू लुगड्याच्या घड्या करून एकावर एक रचून ठेवल्या आहेत. या घडीदार भागांना स्फटिकी भाग म्हणतात. दोन घड्यांच्या मध्ये थोडा सैल, गुंत्याचा भाग असतो. आणि काही साखळ्या अशा असतात की त्यांचं एक टोक या घडीत आणि दुसरं टोक त्या घडीत. दोन रांगांमध्ये उभं राहून दोन्हीकडच्या मुलांचा हात धरणाऱ्या मुलासारख्या! त्यांना आपण दुवा-साखळ्या म्हणू.

घड्या बळ देतात, सैल भाग लवचिकपणा देतो आणि दुवा-साखळ्या दोघांना सुटू देत नाहीत. म्हणूनच अशा अर्ध्या स्फटिकी पॉलिमरमध्ये भेग सहसा सावकाश सरकते. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन, नायलॉन हे सगळे त्याच घराण्यातले.

बिजागरीच्या पट्टीत तर आणखी एक गंमत असते. साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक त्या अरुंद फटीतून वाहत जातं, तेव्हा साखळ्या वाहत्या पाण्यातल्या शेवाळासारख्या एका दिशेनं वळतात. मग झाकण पहिल्यांदा वाकवलं की त्या आणखी ताणून सरळ होतात, बरोबर वाकण्याला आडव्या. नीट बनवलेली अशी बिजागरी लाखो वेळा उघडझाप सोसते. इंजिनिअर लोक तिला 'जिवंत बिजागरी' म्हणतात.

ओढलं की बळ येतं

दिशेचा हा खेळ तुम्हालाही पाहता येतो. दुकानातून सामानाला बांधून येते ना, ती प्लॅस्टिकची चपटी सुतळी घ्या. नखानं उभी चिरा. पटापट बारीक धागे होतील. आता तीच ओढून तोडायचा प्रयत्न करा. हात कापेल पण सुतळी तुटणार नाही, म्हणून जास्त जोर लावू नका! उभी सहज फाटते आणि ओढून तुटत नाही, कारण तिच्या साखळ्या लांबीच्या दिशेनं ओढून सरळ केलेल्या असतात.

१९३० साली अमेरिकेत ज्युलियन हिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं वितळलेल्या पॉलिमरमध्ये कांडी बुडवून वर ओढली. चिक्कीच्या पाकाला येते तशी तार आली. ती थंड झाल्यावरही आणखी ओढता आली, आणि ओढल्यावर पहिल्यापेक्षा कितीतरी बळकट झाली. त्याच प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ साली नायलॉन बनवलं. आजचे नायलॉनचे आणि प्लॅस्टिकचे दोर याच युक्तीनं होतात. आधी धागा, मग त्याला ताण, मग पीळ.

आपल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्या वेळी दोर कशाचे असत? ते सांगतील, अंबाडीचे. अंबाडी पाण्यात भिजत घालायची, कुजली की सोलायची आणि वाखाचे दोर वळायचे. अंबाडीचा वाखही पॉलिमरच, झाडानं बनवलेला! त्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या झाडानं आधीच उभ्या दिशेनं लावून ठेवलेल्या असतात. माणसानं कारखान्यात जे केलं ते अंबाडी आपल्या शेताच्या बांधावर कधीपासून करतेच आहे.

म्हणून दुसरी गोष्ट. साखळ्या ताणाच्या दिशेनं लावलेल्या असतील तर पॉलिमर जास्त काळ टिकतो.

रुळाखालची गादी

आता जरा स्टेशनकडं जाऊ. मनानंच हं! रुळांवर जायचं नाही, फलाटावरूनच पाहायचं. रूळ आणि सिमेंटचा स्लीपर यांच्या मध्ये रबराची एक पातळ, खोबणीदार गादी असते. रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चापाखाली बहुतेक ठिकाणी नायलॉनची एक चकती असते. या नायलॉनमध्ये काचेचे बारीक तंतू मिसळलेले असतात.

या गादीची कामगिरी मोजू. धरा, २२ डब्यांची एक गाडी गेली. एका डब्याला चार आस, म्हणजे ८८. इंजिनाचे ६. झाले ९४. प्रत्येक आस गेला की गादी एकदा दबते. दिवसाला अशा २० गाड्या धरल्या तर १,८८० वेळा आणि वर्षाला ६,८६,२०० वेळा. जवळजवळ सात लाख!

हे रबराला जमतं ते कसं? कच्च्या रबराच्या साखळ्या सुट्या असतात. उन्हात ते चिकट होतं, थंडीत कडक. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून रबर तापवायची युक्ती सापडली. गंधक एका साखळीला दुसरीशी जागोजागी टाका घालतं, गोधडीला घालतात तसा. त्यामुळे दाबलं, ताणलं तरी साखळ्या आपापल्या जागी परत येतात.

झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराची तर आणखी एक हुशारी आहे. त्यात भेग पडली की भेगेच्या टोकाशी रबर खूप ताणलं जातं. ताणल्यामुळे तिथल्या साखळ्या पटकन रांगेत येतात आणि तेवढ्यापुरते स्फटिक बनतात. म्हणजे चोर जिथं घुसायला बघतो तिथंच पहारा वाढतो! भेगेला पुढं सरकायला त्रास होतो. मालमोटारींच्या आणि विमानांच्या टायरमध्ये आजही झाडाचं रबर भरपूर वापरतात, त्याचं हे एक मोठं कारण.

"मग बाई, टाके जास्त घातले तर रबर जास्त टिकंल?" वर्गात प्रश्न आला. नाही बरं! टाके फार झाले की रबर कडक होतं आणि तडकतं. असंच एक उदाहरण दवाखान्यातलं आहे. म्हाताऱ्या माणसांचा झिजलेला खुबा किंवा गुडघा बदलतात ना, त्यात फार लांब साखळ्यांच्या पॉलिथिलीनची वाटी किंवा चकती बसवतात. इंग्लंडच्या डॉ. जॉन चार्नली यांनी १९६२ साली ते खुब्यासाठी वापरायला सुरुवात केली. पुढं किरणांचा मारा करून त्या साखळ्यांना एकमेकींशी जोडलं, तर झीज पुष्कळ कमी झाली. पण थकव्याच्या भेगांना तोंड द्यायची ताकदही थोडी कमी झाली. एका हातानं मिळवलं, दुसऱ्या हातानं थोडं गेलं. म्हणून डॉक्टर आणि इंजिनिअर कोणत्या कामाला किती टाके हे मोजूनमापून ठरवतात.

तर मग दोराचं काय झालं?

आता आपण आमच्या निळ्या दोराकडं परत येऊ. तो पॉलिप्रॉपिलीनचा होता. साखळ्या लांब, दिशेनं लावलेल्या. सगळं उत्तम. मग बिघडलं कुठं?

पहिलं, उन्हात. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून पॉलिप्रॉपिलीनची साखळी मध्येच तोडतात. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. पत्र्यावर पडलेल्या त्या दोराच्या लांब शेवयांचे महिन्याभरामागून महिनाभर तुकडे होत होते. घड्यांना जोडणाऱ्या दुवा-साखळ्याही तुटत होत्या. वरून दोर निळाच दिसत होता, फक्त रंग उतरला होता. हात फिरवला की बारीक कुसळं टोचत होती. मी ती पाहिली होती, पण त्यांचा अर्थ मला कळला नव्हता.

शेतातल्या ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, ते आता ओळखा. त्यांच्या पॉलिथिलीनमध्ये साधारण दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते. ती किरणं स्वतः शोषून घेते आणि साखळ्यांना वाचवते. डोळ्यांना काजळ, तशी नळीला काजळी!

दुसरं, फांदीवर. मी दोर खडबडीत फांदीला तसाच बांधला होता. प्रत्येक हेलकाव्याला तो त्याच जागी वाकत होता, फांदीला घासत होता आणि आतले धागेही एकमेकांना घासत होते. लोंबकळून पाहिलं तेव्हा पुरेसे धागे शाबूत होते, म्हणून दोर टिकला. मग हजारो ताणांत एकेक धागा तुटत गेला. उरलेल्यांवर ओढ वाढत गेली. शेवटी जे थोडे राहिले त्यांना ती पोरही जड झाली.

म्हणजे दोर त्या दिवशी तुटलाच नाही. तो कितीतरी दिवस तुटत होता. आम्हाला फक्त शेवटचा आवाज ऐकू आला.

हे सगळं मी वर्गात सांगितलं तेव्हा ती मुलगी समोरच बसली होती. प्लॅस्टर निघालं होतं. तिनं विचारलं, "मंग बाई, माझं वजन जास्त नव्हतं ना?" तेव्हा मला समजलं की इतके दिवस हे लेकरू आपल्यामुळेच दोर तुटला असं समजत होतं. "नाही गं बाळा," मी म्हटलं, "तुझी काहीच चूक नव्हती. परीक्षा घेणाऱ्या बाईची होती."

गावातल्या एका आजोबांना मी हे सांगायला गेले. ते हसले. म्हणाले, "अवो बाई, आमच्या टायमाला पंचमीचा दोर वर्षाला नवा वळायचे. फांदीवर गोणपाटाची घडी टाकायचे, मंग दोर. पंचमी झाली की दोर सोडून घरात, आढ्याला. उन्हापावसात कोन ठेवतं?" साखळ्या, स्फटिक यातलं काही आजोबांना ठाऊक नव्हतं. पण थकवा त्यांना चांगला ठाऊक होता!

यंदाच्या पंचमीला झोका बांधण्याआधी तुम्हीही ही यादी मोठ्यांना वाचून दाखवा.

१. दोर नवा घ्या, किंवा सावलीत ठेवलेला. रंग उतरलेला, कुसळं टोचणारा, पांढरी भुकटी सुटणारा दोर झोक्याला नको.
२. फांदीवर गोणपाटाची जाड घडी टाका, म्हणजे दोर कमी घासेल आणि कमी काचेल.
३. रोज सकाळी मोठ्या माणसाकडून फांदीजवळचा आणि गाठीजवळचा दोर तपासून घ्या. तुटके धागे दिसले की झोका बंद.
४. 'काल तर दोघं बसले होते' हे कारण चालणार नाही. कालचा दोर आणि आजचा दोर सारखा नसतो.
५. खाली मऊ माती असू द्या. दगड, फरशी नको.

तुमच्यासाठी काम

घरातल्या प्लॅस्टिकच्या पाच वस्तू शोधा, ज्या पुन्हा पुन्हा वाकतात किंवा ताणल्या जातात. बादलीची कडी, चपलेचा पट्टा, डब्याचं झाकण, दप्तराचा बंद, असं काहीही. कोणती वस्तू नेमकी कुठं तुटते? उन्हात राहणारी आधी तुटते की सावलीतली? वहीत दोन रकाने करून लिहा आणि मला पत्रानं कळवा. चांगली निरीक्षणं मी वर्गातही वाचून दाखवीन.

आणि हो, ती मुलगी यंदा झोक्यावर बसली. आधी स्वतः दोरावरून हात फिरवला, गोणपाट आहे का ते मान वर करून पाहिलं, मग मला म्हणाली, "बाई, आता तुम्ही मागून ढकला."

मी ढकललं. जरा हळूच!

बरंय तर मग, भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमची,
चुडाव्याच्या बाई